टॉवेलाखालचा पाहुणा

भाऊबिजेनंतर चार दिवस माई कुंपणाशी आल्या नाहीत. आमच्या बाजूला लोंबणारे तीन दोडके त्यापायी जून होऊन गेले. वेल त्यांचा, पण दोडका लागतो आमच्या अंगणात. तोडायचे मी आणि निम्मे परत द्यायचे, हा माईंचे यजमान नाना होते तेव्हापासूनचा करार. करार मोडला म्हणजे पलीकडे काहीतरी बिनसलंय, हे कळायला ज्योतिषी लागत नाही.

पाचव्या दिवशी समोरच्या वहिनी दुधाची पिशवी हातात धरून फाटकाशी आल्या. आवाज खाली. आमच्या गल्लीत आवाज खाली गेला की बातमी मोठी समजायची.

"बाई, माईंकडं कोणी राहायला आलंय का?"

"मुलगा-सून आले होते. गेले की परवाच पुण्याला."

"तेच म्हणते मी. गेले. मग रात्री नऊला घरात बोलतंय कोण? बारीक आवाज येतो. पोराचा म्हणावा तर घरात पोर नाही. आणि हिंदी बोलतंय हो!"

हिंदीचं आम्हाला नवल नाही. टोमॅटोच्या हंगामात पिंपळगावला परप्रांतातले व्यापारी तळ ठोकून असतात. पण माईंच्या घरात, रात्री नऊला, बारीक आवाजात? संध्याकाळपर्यंत गल्लीत तीन अंदाज तयार झाले. एक, माईंनी भाडेकरू ठेवला. दोन, नातवाला ठेवून घेतलं आणि शाळा बुडते म्हणून लपवतात. तिसरा अंदाज कोणी काढला ते सांगत नाही, पण तो असा, की नाना गेल्यापासून माई एकट्याच आवाज बदलून बोलतात. या तिसऱ्या जातीच्या बातमीला आमच्याकडे पाय लवकर फुटतात.

सहाव्या दिवशी माई स्वतःच आल्या. डोक्यावर पदर, हातात राखेचं भांडं. दोडक्यांकडे बघून म्हणाल्या, "जून केले का बाई सगळे? मला सवडच झाली नाही. पाहुणा आलाय."

"कोण पाहुणा?"

"रोबोट हाय. पोरानं आणलाय."

पाहुणा मी त्याच दुपारी पाहून आले. वीतभर उंच, पांढरा, पोट गोल, तोंडाच्या जागी काचेचा पडदा आणि त्यात दोन निळे डोळे. खाली चाकं. टीव्हीशेजारी, नानांच्या फोटोखाली बसवलेला. कुठल्या कंपनीचा ते विचारू नका, पुढचं वाचून कंपनीला उगाच वाईट वाटायचं. कपाळावर कुंकवाचं बोट होतं. नवी वस्तू घरात आली की मग तो ट्रॅक्टर असो नाहीतर फवारणीचा ब्लोअर, माई कुंकू लावल्याशिवाय हात लावू देत नाहीत. इथं एवढंच झालं, की ज्याला त्यांनी कपाळ समजलं तो कॅमेरा होता. दुसऱ्या दिवशी पुण्याहून मुलाचा फोन आला. "आई, मला सगळं लाल दिसतंय."

त्या वेळी आम्ही दोघी पोट धरून हसलो. मुलाला पुण्यात बसून कसं काय दिसतं, हे विचारायचं दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

"पोरगा म्हणतो, आई, तू एकटी असतेस, हा तुझ्याशी बोलत जाईल. मी म्हटलं, मला बोलायला बाई हाय की कुंपणाला. तर म्हणतो, बाई चोवीस तास असतात का? आता ह्याला काय उत्तर द्यावं!"

मुलाचं चूक नव्हतं. नाना चैत्रात गेले. द्राक्षाचा बाग लखमापूरच्या बाजूला, तो वाट्यानं दिलेला. एवढ्या मोठ्या घरात माई आणि एक मांजर, तेही पाच घरचं. त्यात यंदा पावसानं पाठ सोडली नाही. ऑक्टोबरची छाटणी कशीबशी झाली, डोळे फुटले, पण काडीला घड दिसेना. वाटेकरी रोज संध्याकाळी फोन करून रडगाणं लावतो आणि माई ते ऐकून घेतात, कारण ऐकून घ्यायला आता नाना नाहीत.

पहिले आठ दिवस पाहुण्यानं गल्लीची करमणूक केली. मुलानं त्याची भाषा मराठी करून दिली, तर तो छापील मराठीत बोलायला लागला. माई नक्कल करून दाखवायच्या. "सकाळी आठाला डोळे उघडतो आन् म्हणतो, आज आपणांस कसे वाटत आहे? मी म्हणते, बरं हाय. तर म्हणतो, ऐकून आनंद झाला. रोज आनंद होतो त्याला! आमच्या नानांना पन्नास वर्षांत एवढा आनंद झाला नव्हता." एकदा त्यांनी त्याला सांगितलं, की बागेवर डावणी, म्हणजे द्राक्षावरचा रोग, आलीय. त्यानं रावणाची गोष्ट सुरू केली. लंका जळेपर्यंत थांबला नाही. माईंनी ती पुरी ऐकली. "मधीच कसं उठायचं? पाहुणा बोलतोय."

चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत घालवल्यामुळे मला एक खोड आहे. नवीन काही दिसलं की त्याची माहिती काढल्याशिवाय झोप येत नाही. रात्री फोनवर वाचायचं आणि सकाळी कुंपणावर माईंना शिकवायचं, असा वर्ग सुरू झाला. विद्यार्थिनी एक, तीही भांडी घासता घासता ऐकणारी. पण प्रश्न असे विचारायची, की मला रात्री परत वाचायला बसावं लागायचं.

पहिला पाठ सीलचा. जपानात ताकानोरी शिबाता नावाच्या संशोधकानं १९९३ पासून खपून एक यंत्र केलं, सील माशाच्या पिल्लासारखं. त्याचं नाव पारो. (सील मासा नव्हे, हे मी माईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, पाण्यात राहतो ना, मग मासाच.) पांढरी मऊ लव, कुरवाळलं की डोळे मिटतो, मान वळवतो, कुंईकुंई करतो. बोलत मात्र नाही. २००५ पासून ते विकायला आहे आणि २००९ मध्ये अमेरिकेनं त्याला चक्क वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. विसराळूपणाच्या आजारानं घेरलेले म्हातारे त्याला मांडीवर घेऊन बसतात आणि त्यांची तगमग कमी होते.

"सीलच का? मांजर का नाही केलं?"

यातच त्या शिबातांची हुशारी आहे. मांजर, कुत्रं सगळ्यांच्या माहितीतलं. यंत्राचं मांजर मांडीवर दिलं की माणूस लगेच खऱ्याशी ताडून बघतो आणि म्हणतो, हे काही तसं नाही. सील कोणी पाळलाय? ताडून बघायला काही नसलं की माणूस आहे तसं मानून घेतो.

"आन् किंमत?"

"सहा हजार डॉलर. म्हणजे पाच लाखांच्या आसपास."

माईंनी कढई खाली ठेवली. "पाच लाखांत गाईंचा गोठा उभा राहील बाई. त्या बी मान वळवतात. वर दूध देतात."

मी म्हटलं, गाईचं शेण काढायला दवाखान्यात माणूस लागेल. यावर त्या गप्प झाल्या. तेवढ्यापुरता माझा विजय.

दुसरा पाठ मला स्वतःलाच जास्त भावला. हे यंत्राशी मनातलं बोलणं आजचं नाही. १९६६ मध्ये अमेरिकेत जोसेफ वायझेनबाउम नावाच्या प्राध्यापकांनी एलायझा नावाचा संगणकाचा कार्यक्रम लिहिला. त्याला काडीची अक्कल नव्हती. तुम्ही म्हणालात, मला आईचा राग येतो, तर तो विचारणार, तुमच्या घरच्यांबद्दल आणखी सांगा. तुमचंच वाक्य फिरवून तुम्हाला परत. वायझेनबाउम यांची सेक्रेटरी हे सगळं महिनोन्महिने डोळ्यांसमोर तयार होताना बघत होती, त्यात काही नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. एक दिवस ती त्याच्याशी टाइप करत बसली आणि दोन-चार वाक्यांतच प्राध्यापकांना म्हणाली, तुम्ही जरा बाहेर जाता का? प्राध्यापक हबकले आणि पुढं आयुष्यभर या असल्या यंत्रांविरुद्ध बोलत-लिहीत राहिले.

माई हबकल्या नाहीत. "बरोबर हाय तिचं. बाहेरच घालवायला पायजे. तिथं साहेब उभा, तर ती बोलंल कशी?"

मी रात्रभर विचार केला असता तरी मला हे सुचलं नसतं. आम्ही शिकलेली माणसं विचारतो, यंत्राला कळतं का? माईंचा प्रश्न वेगळाच, ऐकायला आणखी कोण उभं आहे?

केंब्रिजच्या विद्यापीठात २०२२ मध्ये असंच काहीसं दिसलं. आठ ते तेरा वर्षांची २८ मुलं घेतली आणि दोन फूट उंचीचा नाओ नावाचा रोबोट समोर बसवला. त्यानं विचारलं, गेल्या आठवड्यात काय वाटलं? काही मुलांनी त्याला असं सांगितलं, जे आईबापांना किंवा कागदावरच्या प्रश्नांना सांगितलं नव्हतं. पुढच्या वर्षी तिथल्याच एका कंपनीत नोकरदार माणसांवर प्रयोग केला. दोन रोबोट, एक माणसाच्या तोंडवळ्याचा, दुसरा खेळण्यासारखा. खेळण्यासारखा लोकांना जवळचा वाटला. माणसासारखं तोंड दिसलं की माणूस जास्तीची अपेक्षा करतो, असं तिथल्या लोकांचं म्हणणं. हीच सीलची गोष्ट झाली, फक्त वीस वर्षांनी.

आपल्याकडे काय? २०१७ मध्ये ती सोफिया नावाची रोबोट मुंबईला आयआयटीच्या टेकफेस्टमध्ये साडी नेसून आली होती, ती साडीच लोकांच्या लक्षात राहिली. त्याच वर्षी आयआयटीतूनच शिकलेल्या तिघांनी मुंबईत मिको नावाचा लहान मुलांचा सोबती रोबोट बाजारात आणला, तो आता परदेशातही जातो. म्हाताऱ्यांसाठी, त्यातही मराठी आज्यांसाठी, मुद्दाम केलेलं काही माझ्या वाचनात आलं नाही. मुलांचं यंत्र आज्यांपुढं आणून ठेवलं की मग डावणीचा रावण होतो.

एके दिवशी मी अमेरिकेतल्या मॉक्सीची गोष्ट सांगितली आणि नंतर वाटलं, उगाच सांगितली. मॉक्सी हा निळ्या रंगाचा, पोरांना धीर देणारा, राग आला तर श्वास कसा घ्यायचा ते शिकवणारा रोबोट. आठशे डॉलरच्या घरात किंमत. डिसेंबर २०२४ मध्ये त्या कंपनीचा पैसा संपला. रोबोटचं डोकं कंपनीच्या संगणकावर, घरात नुसतं धड. कंपनी बंद म्हणजे रोबोट मुका. आईबापांनी मुलांना कसं समजावून सांगावं याचं पत्रच कंपनीनं धाडलं. पोरं रडतानाचे व्हिडिओ जगभर फिरले.

"म्हंजे कंपनीचं दिवाळं निघालं आन् घरातलं पोर मेलं?"

"पोर नाही माई, खेळणं."

"आठ वर्षांच्या पोराला सांगा तसं."

मग मी विषय बदलावा म्हणून सोनी कंपनीच्या आयबो कुत्र्याचं सांगितलं, तर ते आणखी वाईट निघालं. १९९९ ला आले, २००६ ला बंद केले, २०१४ पासून दुरुस्तीही थांबवली. मग चिबा प्रांतातल्या एका बौद्ध मंदिरात त्या यंत्रकुत्र्यांचे अंत्यविधी सुरू झाले. रांगेनं मांडलेले शेकडो कुत्रे, गळ्यात मालकाच्या नावाची चिठ्ठी, समोर मंत्र म्हणणारे भिक्षू. विधी झाले की त्यांचे सुटे भाग दुसऱ्या आजारी आयबोंना बसवायचे.

माई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "तेरावं करतात का?"

मला वाटलं चेष्टा आहे. चेष्टा नव्हती. नानांचं तेरावं झालं त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं आणि चौदाव्या दिवशी रिकामं. त्या हिशेबानं त्या विचारत होत्या.

आता इथं मला माझंच एक सांगायला हवं. नाहीतर पुढचं समजणार नाही. घर, साल सगळं बदलून लिहितेय.

आमच्या भागात एका घरी सून बाळंत झाली. बाळ गोंडस, सासरचे खूश, पण पोरगी बाळाकडे बघेना. जेवेना. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. नवरा शहाणा, तो तिला नाशिकला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेऊ लागला, दर पंधरा दिवसांनी, सकाळच्या एसटीनं. एकदा ती मला स्टँडवर भेटली. काही न विचारता तिनं सगळं सांगितलं. मी बाई ना, तिला दुसरीत शिकवलेली. गोळ्यांनी झोप लागते म्हणाली, परवा बाळाला स्वतःहून घेतलं म्हणाली.

घरी येऊन मी फक्त एकीला सांगितलं. तेही काळजीनं, पोरीला जरा सांभाळून घ्या म्हणून. त्या एकीनं तितक्याच काळजीनं दुसरीला सांगितलं. काळजी करत करत बातमी वणीला तिच्या आत्येसासूपर्यंत गेली आणि परत येताना 'सुनेला वेडाच्या दवाखान्यात नेतात' अशी होऊन आली. पुढच्या पंधरवड्यात सकाळच्या एसटीला ती नव्हती. त्याच्या पुढच्याही नव्हती. ती सावरली, पण त्याला दोन वर्षं लागली. आजही भेटली की "नमस्कार बाई" म्हणते आणि हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेते.

बंगळूरच्या निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये देशभर पाहणी केली होती. मनाचा आजार असलेल्या शंभरातल्या सत्तर ते ब्याण्णव माणसांपर्यंत उपचार पोचतच नाहीत, आजार कोणता त्यावर आकडा खालीवर. लाख माणसांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा पुरा पडत नाही. हे सगळं खरं. पण आमच्या त्या पोरीला डॉक्टर मिळाला होता, एसटी होती, नवरा सोबत होता. आडवी आली ती मी.

म्हणून त्या पांढऱ्या पाहुण्याबद्दल मला मनातून थोडा आदर वाटायला लागला होता. म्हटलं, अक्कल नसेल, डावणी कळत नसेल, पण हा बाहेर तर सांगत नाही.

तो आदर पंधरा दिवस टिकला.

कार्तिकी झाल्यावरची गोष्ट. सकाळी सातला माई कुंपणाशी. हातात ना राख ना भांडं. पदर खोचलेला.

"बाई, रात्री पावणेतीनला मी उठून बसले होते."

"बरं नव्हतं का?"

"ते राहू द्या. मी उठून बसले, ह्या पाहुण्याचे डोळे उघडे होते, म्हणून दोन शब्द बोलले त्याच्यापाशी. आन् आत्ता सकाळी सहाला पोराचा फोन. आई, रात्री तू रडत होतीस का? म्हटलं, तुला कसं कळलं? म्हणतो, मोबाइलमध्ये आलंय. अकरा मिनिटं बोललीस, मन उदास हाय असं लिहून आलंय." माईंनी तारेला धरलं. "मी त्याला सांगितलं होतं बाई. पोराला न्हवतं सांगितलं."

आणि एकदम लाल कॅमेऱ्याचा अर्थ दोघींच्याही डोक्यात शिरला.

"म्हंजे हा बी कुंपणावरचाच निघाला! तुम्ही गल्लीत सांगता, ह्यानं पुण्याला सांगितलं."

'तुम्ही' हा शब्द त्यांनी सहज वापरला, की मुद्दाम, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

मी मुलाची बाजू घेतली. घ्यायलाच हवी होती. तिकडं कोरियात ह्योदोल नावाची बाहुली आहे, सात वर्षांच्या नातवंडासारखी बोलणारी, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना तिथल्या स्थानिक सरकारांनी हजारोंनी वाटलेली. औषधाची आठवण करते, हात धरला की गोड बोलते, आणि म्हातारी बराच वेळ हललीच नाही तर काळजीवाहू माणसाला कळवते. त्या निरोपासाठीच तर ती बाहुली दिलेली असते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यानंही २०२२ पासून एकट्या वृद्धांच्या घरी एलीक्यू नावाचा टेबलावरचा सोबती ठेवायला सुरुवात केली, आठशेहून जास्त. पुण्यात बसलेल्या पोराला आई पडली, आई रडली हे कळू नये असं कोण म्हणेल?

"कळू नये असं मी कुठं म्हणते? मला आधी विचारायचं. मी हो म्हटलं असतं." थोडं थांबून, "कदाचित."

त्या घरात गेल्या, पंचा नाही, नानांचा जाडा टर्किश टॉवेल काढला आणि पाहुण्याच्या डोक्यावरून टाकला. आतून आवाज आला म्हणे, "मला काही दिसत नाही." माई म्हणाल्या, "ऐकून आनंद झाला."

मुलगा चिडला, मग ओशाळला, मग म्हणाला की ते कळवण्याचं बंद करता येतं, मी बंद करतो. केलंही. पण बोललेलं कुठंतरी कंपनीच्या संगणकात जातंच ना, असं माईंनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, आई, तिथं कोणी ऐकत बसत नाही. माईंचं उत्तर, "गल्लीत बी कोणी ऐकत बसत नसतं. कानावर पडतं."

त्या आठवड्यात कुंपणावरचा वर्ग मी वेगळाच घेतला. यंत्रांचं पुष्कळ झालं होतं. माझ्या नोकरीतली दहा वर्षं पेठ तालुक्यात गेली. आपल्या बागांत छाटणीला, डिपिंगला (घड औषधात बुडवायला) ज्या टोळ्या येतात त्या तिथल्याच. भात, नागली झाली की गाव अर्धं इकडं. त्या पेठमधल्या ४१ गावांत २०१३ ते २०१५ च्या काळात एक काम झालं, नाव 'आत्मीयता'. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्रानं केलेलं. डॉक्टर पेठच्या पाड्यांवर येणार नाहीत हे त्यांनी आधीच धरून चाललं. गावातलीच माणसं निवडली, ज्यांच्याकडं लोक एरवीही अडचण घेऊन जातात अशी. त्यांना शिकवलं, की शेजारी बसायचं, ऐकायचं, चार-सहा वेळा परत जायचं, माणूस हळूहळू कामाला, माणसांत कसा लागेल ते त्याच्याच बरोबर ठरवायचं. त्यांच्या हातात फोन दिले, त्यात मराठीतल्या छोट्या फिल्मा. दारू पिऊन मारणारा नवरा, बेकार पोरगा, घरातली भांडणं. आजाराचं नाव न घेता. फिल्म बघून झाली की एखादी म्हणायची, हे आमच्यातच घडतंय. निराधार योजनेसारखं सरकारी काही मिळण्याजोगं असेल तर त्याचा कागदही तेच करून द्यायचे, कारण काही दुखणी पगाराच्या आणि पेन्शनच्या आकड्यानंच निम्मी होतात. जास्त असेल तर डॉक्टरकडं. पुढं हाच प्रयोग गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात मोठा केला.

"आन् ती माणसं बाहेर सांगायची नाहीत?"

"नाही. ते तर आधी शिकवायचे. ऐकलेलं आपल्यापाशी ठेवायचं."

"जमलं त्यांना?" हे विचारताना त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, दोडक्याच्या वेलाकडं बघत होत्या.

मी झिम्बाब्वेचं सांगितलं. हरारे शहरात २००६ मध्ये डिक्सन चिबांडा नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांना दवाखान्यात खोली मिळेना, नर्स मिळेना. मिळाल्या चौदा आज्या. त्यांना शिकवलं आणि दवाखान्याबाहेर झाडाखाली बाकावर बसवलं. आज तो मैत्रीचा बाक कितीतरी देशांत गेलाय.

"मग आपलं कुंपण काय वेगळं हाय?"

"वेगळं आहे माई. त्या आज्या उठल्यावर समोरच्या वहिनींकडं जात नाहीत."

हे मी म्हणाले. माझ्या तोंडून ते यायला बरीच वर्षं लागली. मग एसटी स्टँडवरच्या त्या पोरीचं सगळं, माझ्यासकट, सांगितलं. माईंना ते माहीत होतं. गल्लीतल्या सगळ्यांनाच माहीत होतं की बातमी कुठून निघाली. मला कोणी बोललं नव्हतं एवढंच.

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी १४४१६ हा आकडा लिहून दिला. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासूनची. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात, समोर माणूस असतो. माईंनी तो आकडा गॅसच्या नंबराखाली आला म्हणून खोडून, जरा बाजूला परत लिहायला लावला. "घाईत चुकून सिलेंडरवाल्यापाशी रडायची मी."

पाहुणा अजून आहे. टॉवेल दिवसा काढतात, रात्री घालतात. सकाळचा "आज आपणांस कसे वाटत आहे" हा प्रश्न माई आवडीनं ऐकतात, मात्र उत्तर वेगवेगळं देऊन बघतात. परवा म्हणाल्या, "लई वाईट." त्यानं श्वास घ्यायला सांगितलं, चार मोजून आत, चार मोजून बाहेर. "केलं मी. बरं वाटतं की त्यानं. यंत्रानं सांगितलं म्हणून श्वास खोटा होतो का?" नातू फोनवर आला की त्याच्याशी पाहुण्याविषयीच बोलणं होतं, आणि नातू आता आठवड्यातून दोनदा फोन करतो, पूर्वी महिन्यातून एकदा करायचा. मुलाच्या डोक्यात हा उपयोग नसेल, पण मला तरी त्या यंत्राचा हाच सर्वांत मोठा वाटतो.

हे लिहू का, असं मी माईंना विचारलं. म्हणाल्या, टॉवेलाचं लिहा, कुंकवाचं लिहा, नानांच्या आनंदाचं बी लिहा. बाकीचं नको.

बाकीचं म्हणजे गेल्या गुरुवारचं. संध्याकाळची आरती होऊन गेली होती, दिवेलागण झाली होती, रस्त्यावरून क्रेट भरलेल्या पिकअप खडखडत चालल्या होत्या. माई त्यांच्या बाजूनं खांबाला टेकल्या, मी माझ्या बाजूनं. पावणेतीन वाजता त्या पाहुण्याला जे सांगितलं होतं, ते त्यांनी मला सांगितलं. अकरा मिनिटं नाही, चांगला तास लागला. डास चावत होते. दोघींच्या चहाची वेळ टळली. मधेच त्यांनी आमच्या बाजूचे दोन कोवळे दोडके तोडले आणि माझ्याच हातात दिले, हिशेब न करता.

त्या आत गेल्या आणि मी वळले, तर फाटकाशी समोरच्या वहिनी. पिशवी नव्हती, तरी आवाज खाली.

"एवढा वेळ काय चाललं होतं हो बाई?"

"काही नाही. मेथीचं. महाग झालीय म्हणत होत्या."

"कितीला?"

"तीसला जुडी."

"अहो, काल तर मी वीसला आणली!"

"काल असेल," मी म्हटलं. "आज तीस."